आरोग्य विमा, शुद्धिपत्रासह

३ जानेवारी. सकाळी ११.

नवी वही. नवं वर्ष. एकतीस तारखेला प्रेसचा राजीनामा दिला. सव्वीस वर्षं तिथे प्रुफं तपासली. प्रुफाच्या तळाशी मी 'छापायला हरकत नाही' असं लिहून सही केल्याशिवाय त्या प्रेसमधून साधं पावतीपुस्तकसुद्धा बाहेर पडलं नाही. मालकाने एक अख्खं पुस्तक माझ्या सहीविना मशीनवर चढवलं. मी त्याला शांतपणे जाब विचारला. गेटवरचा वॉचमन म्हणतो, शब्दन् शब्द ऐकू आला. असेल. माझे उच्चार स्पष्ट आहेत.

घरी आल्यावर हिने एवढंच विचारलं, की प्रेसचा तो विमा होता त्याचं काय. तो ग्रुपचा होता, राजीनाम्याबरोबर गेला. मी म्हटलं, आठ दिवसांत स्वतःची पॉलिसी काढतो. इंडिव्हिज्युअल. स्वस्त आणि मस्त.

आणखी एक नोंद. सकाळी ९.४०, भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत जळजळ, डावा हात जड, कपाळाला घाम. चार मिनिटं. ॲसिडिटी. पिशवी डाव्या हातात होती म्हणून हात. हिला सांगितलं नाही.

संकल्प: आठ दिवसांत पॉलिसी. चहा दिवसाला दोनच. या वहीत खोटं लिहायचं नाही, आणि प्रत्येक गोष्ट तारीख-वेळेसह लिहायची. पुढेमागे उपयोगी पडते.

६ जानेवारी

बाइंडर आला. बारा वर्षं आमच्या प्रेसमध्ये पुस्तकं बांधायचा, आता विमा विकतो. पॉलिश केलेले बूट घालतो. याने एकदा एका प्रबंधाची सोळा पानं उलटी बांधली होती, ती मी पकडली होती. हा माणूस मला कागद समजावून सांगणार!

म्हणाला, साहेब, तुम्हाला पंचावन्न चालू आहे, मे महिन्यात छप्पन्न पूर्ण होतील—

(इथेच चूक. पंचावन्न पूर्ण आहेत, छप्पन्नावं चालू आहे. सांगितली.)

—तर मे महिन्याच्या आत घ्या. नंतर हप्ता चढतो आणि मेडिकल टेस्ट मागतात. फॉर्ममध्ये जे असेल ते खरं लिहा, जिन्यात धाप लागते तेसुद्धा. हप्ता थोडा जास्त बसेल, त्या दुखण्याला दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, पण नंतर भांडण नाही.

धाप लागते हे कोणी सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणे, आत्ता माझ्या मागून जिना चढलात साहेब, मला ऐकू आलं.

आगाऊपणाची हद्द. त्याने हप्त्याचा आकडा सांगितला तेव्हा हिने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. ही घरी शिवणकाम करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, अल्टरेशन. ती म्हणाली, घेऊन टाका. मी म्हटलं, विचार करतो. कंपनीकडून थेट घेतली तर याचं कमिशन वाचेल, एवढं गणित मला येतं.

११ जानेवारी

आठ दिवस झाले. पॉलिसी नाही. अर्थात आठ दिवस म्हणजे कामाचे आठ दिवस, असंच मला म्हणायचं होतं.

काल एका वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकला, फक्त रेट बघायला. संध्याकाळपर्यंत तेवीस फोन. सगळ्यांना माझी दोनच मिनिटं हवी होती. एका मुलीने विचारलं, सर, काही आजार? मी विचारलं, आजार म्हणजे निदान झालेला, की नुसतं लक्षण? की लक्षणासारखं काहीतरी? ती म्हणाली, एक मिनिट होल्ड करा. सात मिनिटं गाणं ऐकवलं आणि फोन ठेवला. प्रश्न बिनतोड होता.

२ फेब्रुवारी

सगळ्यात स्वस्त कंपनी सापडली. बाइंडरने सांगितलेल्या आकड्याच्या निम्मी. याला म्हणतात अभ्यास.

दुपारी त्यांची हॉस्पिटलांची यादी वाचली. आमच्या शहरात त्यांची दोन हॉस्पिटलं. एक डोळ्यांचं, दुसरं बाळंतपणाचं. म्हणजे या गावात राहून मला एक तर मोतीबिंदू करून घ्यायची मुभा आहे, नाहीतर बाळंत व्हायची. बाकी काही झालं तर तीन तास बसने मोठ्या शहरात जायचं.

रद्द. हिला सांगितलं तर हसली नाही. म्हणाली, बाइंडरभाऊंच्या कंपनीत आपलं चौकातलं हॉस्पिटल आहे. मी म्हटलं, त्यांच्या माहितीपत्रकात 'रुग्णालय' शब्द तीन पानांवर तीन तऱ्हांनी छापलाय. अशा लोकांच्या हाती जीव द्यायचा?

११ फेब्रुवारी. सकाळी ८.५०.

ॲसिडिटी. पहिल्या मजल्यावरच. सहा मिनिटं. रेलिंगला टेकलो. वरची बाई विचारत होती, बरं आहे ना. म्हटलं, किल्ली शोधतोय.

चहा: चार.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. चार पानांत तेरा चुका. डोळ्यांदेखत सोडवत नाही. लाल पेनाने समासात खुणा करून सगळ्या दुरुस्त केल्या आणि पाठवून दिला. फुकटात केलं. असा अर्जदार त्यांना जन्मात मिळाला नसेल.

१४ मार्च

फॉर्म परत आला. कारण: 'अर्जावर खाडाखोड.'

खाडाखोड! सव्वीस वर्षांच्या अनुभवाला खाडाखोड म्हणतात. उत्तर लिहिलं, दीड पान. त्यावर त्यांचा मेसेज: आपली तक्रार नोंदवली आहे, तक्रार क्रमांक अमुक, तक्रार बंद करण्यात आली आहे. तिन्ही एकाच मेसेजात.

२५ मार्च

मुलीचा फोन. ती मोठ्या शहरात नोकरी करते. तिच्या ऑफिसच्या विम्यात आईवडिलांची नावं घालता येतात म्हणे, एकतीस तारखेपर्यंत. टेस्ट नाही, जुनं दुखणं असलं तरी चालतं. हप्ता ती भरणार. म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा, फॉर्म मी भरते.

फॉर्म मी भरते! तिच्या शाळेचे सगळे फॉर्म कोणी भरले? 'ग्रीष्म' लिहिताना तिसऱ्या इयत्तेपर्यंत रडायची.

नाही म्हणून सांगितलं. मुलीच्या कागदावर 'अवलंबून' म्हणून नाव लागणार. मी कोणावर अवलंबून नाही. मला इंडिव्हिज्युअल पाहिजे. तुझ्या आईचं घाल, म्हटलं.

ही उठून शिवायला बसली. नंतर तासभर मशीन चालवत होती. बऱ्याच जोरात. एवढी काय घाईची ऑर्डर होती कोण जाणे.

२ एप्रिल

हिचं कार्ड मोबाइलवर आलं. फोटोत डोळे मिटलेत. दाखवताना म्हणाली, तुमचंही आलं असतं.

बाइंडरचा फोन. साहेब, चाळीस दिवस राहिले. मी म्हटलं, माझं काम शेवटच्या टप्प्यात आहे. वाक्य बोलायला छान वाटलं. खरंही आहे. शेवटचा टप्पा कुठून सुरू होतो हे कुठे ठरलेलं असतं?

१२ मे

वाढदिवस. छप्पन्न पूर्ण. सकाळी नऊ वाजता, म्हणजे जन्मवेळेच्या आधी, बाइंडरला फोन केला. तास-दीड तास हातात आहे, काढून टाक. म्हणाला, साहेब, कंपनी तारीख बघते, वेळ नाही. ढोबळ माणसं.

हप्ता चढला. बाइंडरचा जानेवारीतला आकडा आता स्वस्त वाटायला लागलाय. हे त्याला कळता कामा नये.

२८ मे

आता जो तो टेस्ट मागतो. सरकत्या पट्ट्यावर चालवणार आणि छातीला वायरी लावून बघणार. मी घाबरत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. टेस्ट केली की काहीतरी निघतंच. ज्यांनी केली नाही त्यांचं कुठे काय निघतं?

ही म्हणाली, विमा राहू द्या बाजूला, पण टेस्ट करून घ्या, मी पैसे देते. कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन घ्यायला तिने चार वर्षं पैसे साठवलेत. म्हटलं, तुझं मशीन घे आधी, माझ्या छातीचं मी बघतो. पोटाचं, म्हणायचं होतं. जीभ घसरली.

९ जून. दुपारी ३.

विजय! पेपरातून एक हँडबिल पडलं. नवीन कंपनी. साठीपर्यंत मेडिकल टेस्ट नाही. हप्ता बेताचा. बाइंडर सहा महिने बूट झिजवतोय आणि मला घरबसल्या सापडली.

फॉर्म मागवला. हँडबिल, माहितीपत्रक, फॉर्म मिळून एकसष्ट चुका. या वेळी फॉर्मला लाल पेन लावलं नाही. माणसाने शिकत राहावं. दोन पानी शुद्धिपत्र वेगळं तयार केलं, अनुक्रमांक, अशुद्ध, शुद्ध, असे तीन रकाने आखून. सुवाच्य. अर्जाला टाचणीने जोडलं.

प्रश्न नववा असा छापलाय: 'आपणास कधी छातीत अस्वस्तता जाणवली आहे का?'

बराच विचार केला. अस्वस्तता. असा शब्दच नाही. 'स्वस्त'वरून केला तर फार तर महागाई असा अर्थ होईल. छातीत महागाई मला कधीही जाणवलेली नाही. जे अस्तित्वातच नाही त्याला मी 'हो' कसं म्हणू? 'नाही'वर टिक केली. वहीत खोटं लिहायचं नाही हा संकल्प फॉर्मलाही लागू आहे, आणि यात खोटं काही नाही. शुद्धिपत्रात चौतिसाव्या क्रमांकावर लिहिलं: अस्वस्तता, अस्वस्थता.

हिने टिक पाहिली. म्हणाली, अहो, जिन्यात थांबता ते? मी म्हटलं, शब्द नीट वाच. तिने वाचला. म्हणाली, वाचला, त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं, तुम्हालाही कळलंय.

हिला भाषेची जाण कमी आहे.

२६ जून

पॉलिसी आली! लगेच तपासली. लिंग: स्त्री. बाकी सगळं बरोबर. दुरुस्तीचं पत्र टाकलं. हिला दाखवलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, आता ते बाळंतपणाचं हॉस्पिटलही चालेल.

बाइंडरला मुद्दाम बोलावून दाखवली. त्याने पॉलिसी बाजूला ठेवली आणि सोबतची अर्जाची प्रत आधी वाचली. नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. म्हणाला, साहेब, अजून मुदत आहे, एक पत्र पाठवून हे बदला. हप्ता वाढवतील, फार तर नाही म्हणतील. पण हे असं ठेवू नका.

मी म्हटलं, तुझं कमिशन बुडालं म्हणून पोटात दुखतंय. त्याने चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला.

१८ जुलै

८.१५, ॲसिडिटी, दोनदा थांबलो. १०.३०, पुन्हा. या इमारतीच्या पायऱ्या प्रमाणाबाहेर उंच आहेत. बिल्डरने फसवलं. पट्टी लावून मोजल्या: साडेसहा इंच. लेखी तक्रार करणार.

२१ सप्टेंबर. हॉस्पिटल. खाट अकरा.

अक्षर वाकडं येतंय, सुईचा हात आहे.

सतरा तारखेला सकाळी १०.१५ला, पहिल्या मजल्यावर. ही आणि खालचा इलेक्ट्रिशियन, दोघांनी उचलून त्याच्या व्हॅनमध्ये घातलं. वायरच्या भेंडोळ्यांवर तीन तास, मोठ्या शहरापर्यंत. आधी चौकातल्या हॉस्पिटलात नेलं होतं, त्यांनी इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं. हृदयाची नळी बंद होती. दोन जागी. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. वही खिशातच होती.

ही चार दिवस खुर्चीत बसून आहे. हातात एक पँट आणली होती गिऱ्हाइकाची, तिला चेन लावतेय. माझ्याकडे बघते आणि पुन्हा खाली बघते. मला तिचा हात धरावासा वाटला. सुई होती.

एक चांगलं झालं. तरुण डॉक्टर केसपेपर भरायला आला. विचारलं, हे कधीपासून आहे, अंदाजे सांगा.

अंदाजे! मी म्हटलं, अंदाजे कशाला? वही काढली. तीन जानेवारी, सकाळी नऊ चाळीस, दुसऱ्या मजल्याचं वळण, जळजळ, डावा हात, घाम, चार मिनिटं. मग अकरा फेब्रुवारी. मग अठरा जुलै, दोन वेळा. ओळीने सगळं वाचून दाखवलं. तो भराभरा लिहीत होता. म्हणाला, असा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय. सव्वीस वर्षांत मालकाने हे कधी म्हटलं नाही.

लिहिलेलं मी तपासून घेतलं. 'तीन जानेवारी'तला तीन आठसारखा दिसत होता. त्याच्याकडून ठळक करून घेतला.

२५ सप्टेंबर

घरी. कॅशलेस मंजूर झालं नाही. कंपनी म्हणाली, आधी भरा, मग क्लेम करा, कागदपत्रं बघून ठरवू. ओव्हरलॉकचे पैसे गेले. उरलेले मुलीने कर्ज काढून भरले. तिने मला एका शब्दाने काही ऐकवलं नाही, हे फार लागलं.

मी हिला म्हटलं, महिनाभराचा प्रश्न आहे, मशीन पसंत करून ठेव. ती म्हणाली, तुम्ही गोळी घ्या.

चहा: एक. बिनसाखरेचा. संकल्प पूर्ण.

२ ऑक्टोबर

बाइंडर भेटायला आला. विचारलं, साहेब, डॉक्टरांना काय सांगितलंत? मी वही पुढे केली, केसपेपरची प्रत दिली. त्याने दोन्ही वाचलं. सावकाश, बोट ठेवून, मी त्याला शिकवलं होतं तसं. मग म्हणाला, हे नसतं सांगितलंत तरी खोटंच झालं असतं. पण फॉर्मवर लिहायचं ते तुम्ही केसपेपरवर लिहिलंत.

मी म्हटलं, फॉर्मवर शब्द चुकीचा छापलाय, मला मुद्दा आहे. 'अस्वस्तता'वर कोणीही मला पकडू शकत नाही.

तो बूट घालत होता. म्हणाला, त्या सोळा उलट्या पानांवरून तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात, साहेब. राग आला होता. पण त्यानंतर मी एकही पान उलटं बांधलं नाही. मी तुम्हाला चूक दोनदा दाखवली.

दार लावल्यावर बराच वेळ त्याच्या बुटांचा आवाज जिन्यात येत होता. साडेसहा इंच. तो कुठे थांबला नाही.

११ नोव्हेंबर. दुपार.

कंपनीचं पत्र आलं. लाल पेन घेऊन बसलो.

क्लेम नामंजूर. पॉलिसी रद्द. केसपेपरनुसार, रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तीन जानेवारीपासून छातीत अस्वस्थता होती. अर्जातील प्रश्न नवव्याचे उत्तर 'नाही'. प्रश्नातील मुद्रणदोषाबाबत: आपण अर्जासोबत जोडलेल्या शुद्धिपत्रातील अनुक्रमांक ३४ येथे आपणच शुद्ध शब्द कळवला आहे, म्हणजे प्रश्नाचा अर्थ उत्तर देतेवेळी आपणास माहीत होता. शुद्धिपत्राबद्दल आभार. सुधारित अर्ज छापून झाले आहेत.

तीन वेळा वाचलं. एकदा उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत. अवघड प्रुफं तशी वाचतात. पत्त्यावर 'श्री.' आहे. 'अस्वस्थता' बरोबर आहे. ऱ्हस्वदीर्घ बरोबर. अनुस्वार बरोबर. तारखा बरोबर.

ही खिडकीपाशी बसून शर्टाच्या कडेला हाताने टाके घालत होती. ओव्हरलॉक असतं तर दोन मिनिटांचं काम. वर न बघता विचारलं, काय म्हणतात. मी म्हटलं, बरोबर म्हणतात. तिने मान हलवली आणि दोरा दाताने तोडला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. जानेवारीपासून मी या घराला फसवत होतो.

लाल पेनाचं टोपण काढलेलंच होतं. खूण करायला कुठे जागा नव्हती. हात सवयीने पत्राच्या तळाशी गेला आणि नेहमीचं वाक्य लिहून झालं: छापायला हरकत नाही. खाली सही, तारीख.